रागाचं टोक, आशेचा डोंगर आणि सातबाऱ्यावरचा कोरा रकाना



सुरुवात कबुलीजबाबाने करतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची उन्हाळी सहल स्कॉटलंडच्या अगदी वायव्य टोकाला, केप रॅथला गेली होती. तिचं पत्रक मी लिहिलं होतं. 'चला, क्रोधाच्या टोकावर!' असा मथळा दिला होता आणि खाली दुर्वास ऋषींवर एक कोटीही केली होती. पत्रक वाचून सगळे हसले, पंचेचाळीस जणांनी नावं नोंदवली, मीही स्वतःवर खूश झालो.

केप रॅथला जायला सरळ रस्ता नाही. डरनेस गावाजवळ खाडी लागते. ती छोट्या होडीतून ओलांडायची आणि पलीकडे मिनीबसने अकरा मैल खडखडत जायचं. होडीची वाट बघत आम्ही रांगेत उभे होतो. शेजारी तिथल्याच एक आजी उभ्या होत्या. मी मोठ्या कौतुकाने त्यांना आमचा मथळा इंग्रजीत समजावून सांगितला. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे राग बिग काही नाही हो. नॉर्स दर्यावर्दी इथून वळायचे. त्यांच्या भाषेत ह्वार्फ म्हणजे वळण. आमच्या गेलिकमध्ये त्याचं 'अम पारव' झालं आणि नकाशावाल्यांनी 'रॅथ' केलं." तेवढ्यात होडी आली आणि आजी आपली पिशवी सांभाळत पुढे झाल्या.

विचार करा. हजार वर्षांपूर्वी नॉर्वेहून ऑर्कनीमार्गे येणाऱ्या गलबतांना या टोकाशी आल्यावर दक्षिणेकडे वळायचं असे. म्हणून हे 'वळणाचं टोक'. म्हणजे नाव हीच दर्यावर्द्यांना दिलेली सूचना होती: इथे सुकाणू फिरवा. त्या सूचनेचं मी दुर्वास ऋषी करून टाकलं.

हा लेख त्या मथळ्याचं प्रायश्चित्त आहे. पण नुसतं प्रायश्चित्त नव्हे, थोडं भांडणही आहे. त्याच रात्री मुक्कामाच्या ठिकाणी खिचडी आणि पापड खाताना जो वाद झाला, त्यात मला वेळेवर उत्तर सुचलं नाही. ते आता देतो आहे.

खिचडीवरचा वाद

आजींचा किस्सा मी सगळ्यांना सांगितला. तेव्हा आपल्या मंडळातले एक काका (नाव घेत नाही, कारण ते दर दिवाळीला मला फराळाला बोलावतात) म्हणाले, "अरे, काय त्या नावांचं घेऊन बसलास? येताना रस्त्यावरच्या पाट्या पाहिल्यास ना? प्रत्येक गावाचं नाव दोनदा. एकदा इंग्रजीत, एकदा गेलिकमध्ये. ती भाषा बोलतंय कोण? आपल्या करातून ही उधळपट्टी." दुसरे म्हणाले, "सगळी नावं नकाशात आहेत. आता तर फोनवर आहेत. नोंदवायचं राहिलंय काय?" आणि तिसरा, माझ्याच वयाचा मित्र, म्हणाला, "हे त्यांचं त्यांनी बघावं. आपण पाहुणे. आपल्याला काय देणंघेणं?"

तीन मुद्दे, आणि तिन्ही आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येतात की ते आता म्हणींसारखे झाले आहेत. तिन्ही चूक आहेत असं माझं म्हणणं आहे. पण आधी हा किनारा जरा नीट वाचू या.

किनारा कसा वाचायचा

या भागाला सदरलँड म्हणतात, म्हणजे 'दक्षिणेचा प्रदेश'. आता हा तर ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या पार उत्तरेला! मग दक्षिण कुणाची? ऑर्कनीत बसलेल्या नॉर्स सरदारांची. त्यांच्या खिडकीतून हा दक्षिणेलाच दिसे. नाव ठेवणारा कुठे उभा होता हे नावावरून कळतं, ते असं.

केप रॅथच्या दक्षिणेला सँडवुड नावाची देखणी पुळण आहे. तिथे वुड शोधू नका, झाडं नाहीत. मूळ नॉर्स शब्द 'सांद-वात्न', म्हणजे वाळूचं पाणी. पुळणीमागे गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याचं ते नाव. पूर्वेला बेन होप हा डोंगर आहे, ९२७ मीटर उंच. आमच्या बसमध्ये एका ताईंनी त्याचं 'आशागिरी' असं नामकरण केलं होतं. पण ते 'होप' इंग्रजी आशेतलं नाही. नॉर्स 'होप' म्हणजे समुद्राचा आत शिरलेला फाटा. लॅक्सफर्ड म्हणजे रावसाच्या भाऊबंदांची, सामन माशांची खाडी. डरनेस म्हणजे हरणांचं भूशिर. जी गुहा बघायला सगळे जातात ती स्मू, 'स्मुगा'वरून, म्हणजे सांदीकपार. एकटं टंग हे गाव तेवढं जिभेशी प्रामाणिक आहे, कारण तिथे जमिनीची जीभ खरोखरच पाण्यात गेलेली आहे.

म्हणजे राग नाही, आशा नाही, झाडं नाहीत आणि दक्षिण उत्तरेला! इंग्रजी कानाने हा किनारा वाचला तर तो वेड्याचं घर वाटतो. मूळ भाषेत वाचला तर शहाण्या दर्यावर्द्याची वही वाटतो.

नॉर्सांवर पुढे गेलिकचा थर बसला. एडराखिलिस म्हणजे 'दोन सामुद्रधुन्यांच्या मधलं'. कायलस्कू म्हणजे 'अरुंद सामुद्रधुनी'. बाल्नाकील म्हणजे 'चर्चची वाडी'. गंमत अशी की नॉर्स गेले तरी त्यांचे समुद्राचे शब्द गेलिक कोळ्यांनी ठेवून घेतले. अरुंद घळीला नॉर्स 'ग्या' म्हणत, त्याचं गेलिकमध्ये 'ग्यो' झालं. पाण्यातून डोकं वर काढणारा खडक तो 'स्केर', त्याचं 'स्गेर' झालं. आणि जो खडक पाण्याखाली दडून बसतो, फक्त त्याच्यावर लाट फुटते तेव्हा कळतो, तो 'बोआ'. स्गेर दिसतो, बोआ दिसत नाही. होडीवाल्याच्या दृष्टीने या दोन शब्दांत जगण्यामरण्याचा फरक आहे. इंग्रजीत मात्र दोन्हींना 'रॉक' म्हणून मोकळं होता येतं.

आपल्या कोकणातल्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको. सडा, पुळण, खाजण, दांडी, पऱ्या हे शब्द पुण्याच्या माणसाला एकसारखे वाटतात. तिथे राहणाऱ्याला नाही वाटत.

आणि या सगळ्याच्या तळाशी याहून जुना थर आहे. या किनाऱ्याला नेव्हर नावाची नदी मिळते. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जगाचा भूगोल लिहिला, त्यात ही नदी 'नाबारुस' म्हणून नोंदलेली आहे. त्याच ग्रंथात आपलं सोपारा आहे 'सुपारा' म्हणून आणि चौल आहे 'सिमुल्ला' म्हणून. म्हणजे आपल्या कोकणचा किनारा आणि हा किनारा एकाच माणसाने, एकाच पुस्तकात नोंदवला आहे. पाहुणे, पाहुणे म्हणतो आपण. नोंदवहीत तर अठराशे वर्षांपासून शेजारी आहोत!

बेटीचा डोंगर

आता पहिला मुद्दा. ही भाषा बोलतंय कोण?

या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: बोलणारे गेले कुठे?

नेव्हर नदी समुद्राला मिळते तिथे बेटीहिल नावाचं गाव आहे. आमची बस तिथे चहाला थांबली होती. बेटी म्हणजे एलिझाबेथ, सदरलँडची काउंटेस, या सगळ्या मुलखाची मालकीण. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या जहागिरीच्या कारभाऱ्यांनी हिशेब केला की नेव्हरच्या खोऱ्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त फायद्याच्या. १८१४ आणि १८१९ साली खोरं रिकामं करण्यात आलं. घरांची छपरं जाळली. जहागिरीचा एक कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली खटला चालला, तो निर्दोष सुटला. पिढ्यान्पिढ्या गुरं राखणाऱ्या आणि शेती करणाऱ्या माणसांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे दिले आणि सांगितलं, आता मासे धरा. त्या विस्थापितांच्या एका वसाहतीला नाव मिळालं ते मालकिणीचं. ज्यांना उठवलं त्यांच्या गावाला, उठवणारीचं!

त्या जागेला गेलिक नाव आहे, 'अम ब्लारन ओअर'. करडं, मातकट रंगाचं छोटंसं माळरान. काकांना जी पाटी उधळपट्टी वाटली, ती याच नावाची.

काका, मला सांगा, पाटीवरची ही दुसरी ओळ खर्च आहे की थकलेलं देणं आहे? आणि खर्चाचंच म्हणाल, तर जुनी पाटी बदलायची वेळ आली की नवी पाटी दोन भाषांत करायची, असाच साधारण रिवाज आहे. पत्रा तोच, खांब तोच. वाढते ती एक ओळ. बोलणाऱ्यांचं म्हणाल, तर २०२२ च्या जनगणनेत १ लाख ३० हजार लोकांनी आपल्याला थोडंफार तरी गेलिक येतं असं लिहिलं. २०११ मध्ये हा आकडा ८७ हजार होता. २०२५ साली स्कॉटिश संसदेने गेलिकला आणि स्कॉट्सला अधिकृत भाषांचा दर्जा देणारा कायदा केला. मेलेली भाषा म्हणून आपण तिच्या तेराव्याला बसलो आहोत आणि तिच्या शाळांत मुलं नावं घालताहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेजारच्या केथनेस भागात गेलिक पाट्यांना विरोध करणारी पुष्कळ स्थानिक माणसं आहेत, आणि त्यांचा मुद्दा काकांच्या मुद्द्यापेक्षा बराच वजनदार आहे. ते म्हणतात, आमची गावं मुळात नॉर्स आहेत. विक म्हणजे नॉर्स 'वीक', उपसागर. लिब्स्टर, थ्रमस्टर, स्क्रॅबस्टर यांच्या शेवटी जो 'स्टर' आहे तो नॉर्स शेतवाडीचा. मग आमच्यावर गेलिक कशाला लादता? मला हे म्हणणं ऐकून घेण्यासारखं वाटतं. पण ते नीट ऐका: तो माणूस 'नावांत काय आहे' असं म्हणत नाही. नावांत सगळं आहे म्हणूनच तो भांडतो आहे. त्याच्याशी वाद घालता येतो. 'कशाला हवं' म्हणणाऱ्याशी काय वाद घालणार?

नकाशात आहे ना सगळं?

दुसरा मुद्दा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो शास्त्रीय वाटतो.

सदरलँडचा मोठ्या प्रमाणावरचा सरकारी नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेने केला तेव्हा नावं कशी गोळा केली, हे आज कुणालाही घरबसल्या बघता येतं. त्यांच्या 'नेम बुक्स', म्हणजे नावांच्या वह्या, जपलेल्या आहेत आणि इंटरनेटवर ठेवलेल्या आहेत. सदरलँडच्या वह्या १८७१ ते १८७५ या काळातल्या. त्यांत रकाने आहेत: ठरलेलं नाव, त्याची वेगवेगळी स्पेलिंगं, ती सांगणारी माणसं, ठिकाण, वर्णन. शिस्त वाखाणण्यासारखी. एका नावाला दोन-दोन, तीन-तीन साक्षीदार. मी त्या वह्या रात्र रात्र वाचल्या आहेत. त्या नसत्या तर हजारो नावं गेली असती, हे आधीच मान्य करतो.

पण साक्षीदारांचा रकाना वाचत जा. जमीनदार, जमीनदाराचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर, मोठा शेतकरी. ज्याच्या हातात टाक, त्याचं म्हणणं खरं. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नियमावलीत तर तपासनिसांना सरळ बजावलेलं आहे की छोट्या शेतकऱ्यांवर आणि झोपडीतल्या माणसांवर विसंबू नका, ते राहतात त्या जागेच्या नावाबाबतसुद्धा नको! आता मला सांगा, ज्या खडकावर बोआ आहे की स्गेर, हे कारभाऱ्याला ठाऊक की होडीवाल्याला? कालवं वेचायला ओहोटीला कुठल्या घळीत उतरायचं, हे पाद्र्याला ठाऊक की त्याच्या मोलकरणीला? बायकांची नावं त्या रकान्यात फारच विरळा भेटतात. किनाऱ्याची अर्धी वहिवाट बायकांची, आणि नोंद पुरुषांची.

आणि तारखा बघा. खोरं रिकामं झालं १८१९ ला. वही घेऊन माणूस आला १८७१ नंतर. मध्ये पन्नास वर्षं. ज्या पडक्या वाडीचं नाव विचारायचं, तिथे विचारायला होत्या फक्त मेंढ्या. नावं माहीत असलेली माणसं किनाऱ्यावर म्हातारी होत होती, किंवा कॅनडात.

त्याच जिल्ह्याच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रोरा, गॉल्स्पी, एम्बो या गावांतल्या कोळ्यांचं गेलिक नॅन्सी डोरियन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९६३ पासून अभ्यासलं. १९८१ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्याचं नावच मुळी 'लँग्वेज डेथ'. त्यातून कळतं ते असं की या कोळ्यांना गावातले बाकीचे लोक हलके समजत, म्हणून त्यांची भाषाही हलकी ठरली. त्यांचं बोलणं टिपून ठेवायला परदेशातून बाई याव्या लागल्या. म्हणून म्हणतो, नकाशात सगळं आहे असं म्हणू नका. ज्यांना विचारलं त्यांचं नकाशात आहे.

फोनवरचा नकाशा तर याहून पुढचा. तो दुकान दाखवतो, पार्किंग दाखवतो, खडकाच्या जागी निळा रंग दाखवतो.

माझी निळी वही

आता जे सांगतो ते सांगताना मला बरं वाटत नाही.

सौ.च्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं याच उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहिलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. आयुष्यभर खेकडे आणि झिंगे धरलेले. आमच्या घरचा आल्याचा चहा त्यांना फार आवडे. एकदा त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या पट्ट्यातल्या खडकांची नावं एका दमात सांगितली. नकाशावर त्या पट्ट्यात दोन नावं आहेत. त्यांनी सांगितली सतरा. एक खडक त्यांच्या आजीच्या नावाचा होता, कारण ती तिथे गळ टाकून बसायची. एका घळीच्या नावात नातवाच्या वयाचा मुलगा बुडाल्याची गोष्ट होती. ती सांगताना ते थांबले आणि दुसरा कप मागितला.

दुसऱ्या दिवशी मी मुलाची निळी वही घेऊन गेलो. मला गेलिक लिहिता येत नाही, म्हणून मी देवनागरीत लिहायला लागलो. आणि काय सांगू, आपली लिपी तिथे अशी कामाला आली! गेलिक स्पेलिंगात 'बीएच' लिहितात आणि 'व' म्हणतात. इंग्रजी माणूस तिथेच अडखळतो. आपण कानाला ऐकू आलं तसं लिहून मोकळे. काही उच्चार आपल्याकडेही बसत नाहीत, पण पुष्कळ बसतात. म्हातारबुवा वहीतली अक्षरं बघायचे आणि मी वाचून दाखवलं की मान डोलवायचे. "तुझ्या त्या दोरीवरच्या कपड्यांना माझं गाव नीट बोलता येतं," म्हणाले. शिरोरेघेखाली लटकलेली अक्षरं त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसली होती.

तेवीस नावं झाली. ते म्हणाले, टोकाच्या पलीकडची बाजू होडीतून दाखवायला हवी, मेमध्ये समुद्र शांत झाला की जाऊ. मे आला. मला कामाची घाई होती. मग गणपती आले, मंडळाचं नाटक बसवायचं होतं. पुढल्या मेमध्ये जाऊ म्हटलं. फेब्रुवारीत ते गेले.

टोकाच्या पलीकडच्या बाजूला किती नावं होती ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्या मुलाला विचारलं. तो ॲबरडीनला असतो. म्हणाला, "बाबांना ठाऊक होतं सगळं." वाक्य इंग्रजीत होतं, पण मंडळी, हे वाक्य मी मराठीत किती वेळा ऐकलंय!

तेव्हा 'नोंदवायचं राहिलंय काय' या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. राहिलंय. माझ्यामुळे राहिलंय.

पाहुणे

तिसरा मुद्दा, आपण पाहुणे. बरं, पाहुणे तर पाहुणे. पाहुण्याने यजमानाचं नाव नीट घ्यावं की नाही? ऑफिसात आपल्या मुलाच्या नावाची मोडतोड झाली की आपण घरी येऊन तासभर चिडचिड करतो. 'अनिरुद्ध'चा 'ॲनी' झाला म्हणून शाळेत चिठ्ठी पाठवणारे पालक याच मंडळात आहेत, त्यांतला एक मीच. आणि केप रॅथचा मी 'क्रोध' करतो! आपल्या नावाचा तेवढा अभिमान आणि दुसऱ्याच्या नावाची गंमत, हे काही बरं दिसत नाही.

शिवाय हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. मराठ्यांच्या काळी तो हिम्मतगड होता. अठराव्या शतकाच्या मध्याला तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं. खांदेरी-उंदेरीचं त्यांच्या कागदांत 'केनरी-हेनरी' झालं, जशी काही दोन इंग्रज भावंडं. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, तोही याच स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बँफ गावचा. म्हणजे नावं कानाने पकडून लिहिण्याचा हा व्यवहार दोन्ही किनाऱ्यांवर चालला होता.

फरक एवढाच की आज फोर्ट व्हिक्टोरिया कुणी म्हणत नाही, सगळे बाणकोटच म्हणतात. का? तिथली माणसं तिथेच राहिली म्हणून. नेव्हरच्या खोऱ्यात माणसं राहिली नाहीत, म्हणून बेटीहिल राहिलं. नाव पाटीवर जगत नाही, तोंडात जगतं. आणि तोंडं उठून गेली की मग वही लागते.

इथे मी सगळ्यांनाच, स्वतःलाही, टोचणारी एक गोष्ट बोलणार आहे. नावं बदलायची म्हटली की आपल्याला केवढा उत्साह येतो! १९९५ साली मुंबईचं अधिकृत नाव मुंबई झालं, ते योग्यच झालं. त्यानंतरही शहरांच्या नावांवरून आपण रात्री रात्री वाद घातले आहेत. पण पाटी बदलणं वेगळं आणि नाव नोंदवणं वेगळं. पाटी बदलायला मोर्चा लागतो. नाव नोंदवायला म्हाताऱ्या माणसाशेजारी बसावं लागतं. पहिल्यात फोटो निघतो, दुसऱ्यात नाही. म्हणून पहिलं होतं आणि दुसरं राहतं.

मग करायचं काय?

स्कॉटलंडमध्ये या कामासाठी माणसं आहेत. एडिंबरोत १९५१ पासून स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने गावोगाव ध्वनिमुद्रणं केली, त्यांतली हजारो आता कुणालाही ऐकता येतात. १९९६ पासून स्थळनामांची एक सोसायटी आहे. गेलिक नावांची खातरजमा करणारी संस्था आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे, अगदी टिमथी पाँट या माणसाने सोळाव्या शतकाच्या अखेरीला पायी हिंडून काढलेलेसुद्धा, सर्वांना खुले केले आहेत. माझी निळी वही मी रोमन अक्षरांत उतरवून, प्रत्येक नावासमोर जागेचा संदर्भ टाकून, योग्य ठिकाणी पाठवली आहे. तेवीस नावं. चाळीस असायला हवी होती.

मंडळापुढे माझा प्रस्ताव साधा आहे. पुढची सहल जिथे जाईल तिथलं एक तरी नाव आधी समजून घेऊ, आणि पत्रकात कोट्या करण्यापूर्वी (हे मला उद्देशून) कुणा जाणत्याला विचारू. आपल्यापैकी जे किनाऱ्यावरच्या गावांत राहतात, डॉक्टर आहेत, दुकान चालवतात, त्यांच्या ओळखीत म्हातारी माणसं आहेत. त्यांना खिडकीतून दिसणाऱ्या खडकांची नावं विचारा. चहा द्या. फोनमध्ये ध्वनिमुद्रण करा, त्यांची परवानगी घेऊन. मे महिन्याची वाट बघू नका.

आणि शेवटी घरचं. वही पाठवल्यानंतर मला सुचलं की रत्नागिरीकडच्या आमच्या जमिनीचा सातबारा काढून बघावा. आता तो संगणकावर मिळतो. बघितला. गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, आकार आहे, माझं नाव आहे, चुलतभावांची आहेत. आणि वर एक रकाना आहे, 'शेताचे स्थानिक नाव'. ऑर्डनन्स सर्व्हेच्या वहीत असतो तसाच. आमच्या सातबाऱ्यावर तो कोरा आहे.

लहानपणी आजी म्हणायची, "भर दुपारी त्या कुणग्याकडे जाऊ नको रे." त्या कुणग्याला नाव होतं. पऱ्यापलीकडच्या मळ्याला होतं. वरच्या सड्यावर जिथे पावसाचं पाणी साठायचं त्या खळग्यालाही होतं. मला एकही आठवेना. आत्या आहे गावी, नव्वदीला टेकलेली. त्याच संध्याकाळी फोन लावला.

"आत्या, आपल्या त्या खालच्या कुणग्याचं नाव काय गं?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आत्या म्हणाली, "इतक्या वर्षांनी कसं रे सुचलं विचारायला? थांब. कागद घे. बरीच आहेत."

मी निळी वही घेतली. तिच्यात पानं शिल्लक होती.